फिफो खाणकाम आणि स्त्रिया : प्रस्तावना

फ्लाय-इन फ्लाय-आउट, म्हणजेच फिफो, ही ऑस्ट्रेलियाच्या खाणउद्योगात रुळलेली कामाची रीत आहे. कामगाराचे घर शहरात असते आणि खाण हजार-दीड हजार किलोमीटर दूर. कंपनी त्याला विमानाने नेते, ठरलेले दिवस खाणीजवळच्या कॅम्पात ठेवते आणि पुन्हा विमानानेच परत आणते. या रीतीचा सर्वांत मोठा पसारा पश्चिम ऑस्ट्रेलियात, त्यातही लोहखनिजाच्या पिल्बारा प्रदेशात आहे. पर्थच्या विमानतळावर दिवस उजाडण्याआधी चमकत्या नारिंगी-पिवळ्या शर्टांची रांग लागते आणि पावणेदोन-दोन तासांत ही माणसे न्यूमन, पॅराबर्डू किंवा एखाद्या खाणीच्या खासगी धावपट्टीवर उतरतात. या रांगेत बायकांची संख्या वाढते आहे. ऑस्ट्रेलियाच्या खाणउद्योगात आज साधारण पाचांत एक कर्मचारी स्त्री आहे. बीएचपी या कंपनीने २०१६ मध्ये स्त्री-पुरुष प्रमाण समान करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या तिच्या साउथ फ्लँक खाणीत सुरुवातीपासूनच सुमारे ४० टक्के स्त्रिया होत्या.

या कामाकडे वळणाऱ्या स्त्रीला पहिली भीती वाटते ती यंत्रांची आणि उन्हाची. ती भीती फार दिवस टिकत नाही, कारण काम शिकता येते आणि शिकवण्याची व्यवस्थाही चांगली असते. तिच्या वाट्याला काय येणार हे खरे तर दोन गोष्टींवर ठरते : शिफ्ट संपल्यावर ती ज्या कॅम्पात राहते तो कॅम्प कसा आहे, आणि तिचा करार कोणाशी आहे.

पिल्बारामध्ये फिफो नंतर आले, आधी वसाहती आल्या. ऑस्ट्रेलियाने लोहखनिजाच्या निर्यातीवरची बंदी १९६० मध्ये सैल केली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत माळरानावर टॉम प्राइस, न्यूमन, पॅराबर्डू अशी कंपन्यांची गावे उभी राहिली. कामगार कुटुंबासह तिथे राहत. शाळा, दवाखाना, पोहण्याचा तलाव, सगळे कंपनीचेच असे. खाणीची नोकरी पुरुषाची होती. बायको गावात असे, घर सांभाळी, फार तर कचेरीत किंवा दुकानात काम करी. १९८६ मध्ये कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतींवर कर लागू झाला आणि गावे पोसणे महाग पडू लागले. विमानप्रवास मात्र आवाक्यात येत होता. नव्या खाणींची आयुष्येही कमी वर्षांची होती, त्यांच्यासाठी गाव वसवण्यात अर्थ नव्हता. मग गावाऐवजी कॅम्प आला आणि कुटुंब खाणीपासून तुटले.

त्याच सुमारास स्त्रियांना अडवणारे कायदे मागे पडत होते. स्त्रियांनी भूमिगत खाणीत काम करू नये असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९३५ चा करार होता. ऑस्ट्रेलिया त्यातून १९८८ मध्ये बाहेर पडला. भारताने हाच करार १९३८ मध्ये स्वीकारला होता आणि १९५२ च्या खाण कायद्याने ती मनाई पक्की केली. केंद्र सरकारने ती शिथिल केली २०१९ मध्ये : भूमिगत खाणीत तांत्रिक, पर्यवेक्षी व व्यवस्थापकीय कामांवर दिवसा, आणि उघड्या खाणीत लेखी संमतीने रात्रीही. चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्यात वाढलेल्या किंवा नागपुरात शिकलेल्या मराठी मुलीला आज हे क्षेत्र खुले वाटते ते या अलीकडच्या बदलामुळे. पर्थमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांतल्या स्त्रियांसाठी मात्र फिफो ही शेजारणीने करून पाहिलेली, ओळखीची नोकरी असते.

नोकऱ्यांचे प्रकार पुष्कळ आहेत आणि त्यांतला फरक पगारापुरता नाही. अभियंता, भूवैज्ञानिक, सर्वेक्षक, पर्यावरण अधिकारी, परिचारिका यांच्याकडे पदवी असते आणि बहुधा कंपनीची कायम नोकरीही. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर यांना चार वर्षांची उमेदवारी करावी लागते; या कारागिरांना मागणी सतत असते, पण यांत स्त्रिया अजून थोड्या आहेत. कोणतीही पदवी किंवा कारागिरी नसलेल्या स्त्रीसाठी दोन दारे सर्रास उघडी असतात. एक म्हणजे कॅम्पातली साफसफाई, खोल्या आवरणे आणि स्वयंपाकघर. दुसरे म्हणजे डंपर चालवणे.

डंपर म्हणजे दोनशेहून अधिक टन खनिज एका खेपेत वाहणारे वाहन. त्याचे चाक माणसाच्या दुप्पट उंच आणि केबिन दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर. चालवायला ताकद लागत नाही, लागते ते लक्ष : बारा तास त्याच रस्त्यावर, तीच चढण, खनिज भरणाऱ्या शॉवेलखाली डंपर तंतोतंत मागे घेणे आणि कानाला सतत रेडिओ. नवख्या बाईला प्रशिक्षक शेजारी बसवून काही आठवडे शिकवले जाते आणि बहुतेक जणी चांगल्या तयार होतात. बायका यंत्र जपून वापरतात असे कौतुक खाणीत वारंवार ऐकू येते. ते कौतुक खरे असले तरी त्याच कौतुकाने अनेकींना वर्षानुवर्षे डंपरवरच ठेवले जाते. शॉवेल, ड्रिल, सुरुंग आणि पुढे मुकादमी या पायऱ्या त्यांच्यासाठी उशिरा येतात. म्हणून पुढचे यंत्र कधी शिकवणार हे पहिल्या वर्षातच विचारून घ्यावे, आणि मिळालेले उत्तर कागदावर असावे.

नोकरी मिळण्याआधी वैद्यकीय तपासणी होते : ऐकू येणे, फुप्फुसांची क्षमता, पाठ-गुडघे, आणि लघवीतून अमली पदार्थांची चाचणी. नियमित घ्यावे लागणारे एखादे औषध, अगदी काही वेदनाशामकसुद्धा, या चाचणीत दिसू शकते; ते आधीच सांगितलेले बरे. कामावर आल्यावर श्वासातील मद्याची चाचणी रोजची असते आणि प्रमाण शून्यच असावे लागते.

रोस्टर हा शब्द फिफोच्या घरात दिवसातून दहादा उच्चारला जातो. आठ दिवस काम आणि सहा दिवस सुट्टी हे उत्पादन-खाणीतले एक प्रचलित रोस्टर आहे. चौदा-सात आणि चौदा-चौदा हीही आढळतात. बांधकामाच्या टप्प्यावर याहून लांबची, चार आठवडे काम व एक आठवडा सुट्टी अशी रोस्टरेही चालत आली आहेत. शिफ्ट बारा तासांची असते, काही दिवस आणि काही रात्री. चौदा-सातच्या रोस्टरमध्ये चौदा दिवसांत १६८ तास काम होते, भारतातल्या ४८ तासांच्या आठवड्याच्या हिशेबाने ते साडेतीन आठवड्यांचे काम झाले. सुट्टीचा पहिला दिवस झोपण्यात जातो आणि शेवटचा बॅग भरण्यात. रात्रपाळी करून परतलेल्या बाईकडून घरात त्याच संध्याकाळी स्वयंपाकाची अपेक्षा होत असेल, तर तिची सहा दिवसांची सुट्टी प्रत्यक्षात चारच दिवसांची उरते.

कामाच्या दिवशी पहाटे चारला उठायचे, मेसमध्ये नाश्ता करून दुपारचा डबा स्वतःच भरून घ्यायचा, आणि पाचच्या आसपास बस. सहाच्या आधी मुकादमाची बैठक होते : कालचे अपघात, आजचे सुरुंग, कोण कोणत्या यंत्रावर. त्यानंतर डंपरभोवती फिरून चाके, तेल, दिवे, शिडी तपासायची आणि वर चढायचे. इथून पुढे पुरुष आणि स्त्रीचा दिवस एका साध्या गोष्टीत वेगळा होतो. खाणीच्या तळाशी स्वच्छतागृह जवळ नसते. डंपर थांबवायचा तर रेडिओवर सगळ्यांच्या कानी पडेल असे सांगावे लागते आणि गाडी ठरलेल्या जागी उभी करून खाली उतरावे लागते. पुष्कळ जणी ते टाळण्यासाठी पाणीच कमी पितात. बाहेर ४५ अंश तापमान असताना हे धोक्याचे आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग आणि उष्माघात या दोन्हींचा तो सरळ रस्ता आहे. मासिक पाळीच्या दिवसांत ही अडचण वाढते. ज्या खाणींनी स्वच्छतागृहे यंत्रांच्या मार्गाजवळ आणली आणि थांबण्याला नियमित विश्रांतीचे रूप दिले, तिथे हा प्रश्न सुटला. तो सुटला नसेल तर उणीव व्यवस्थापनाची आहे आणि तेवढ्यासाठी कोणत्याही स्त्रीने संकोच बाळगू नये. मापाचे बूट, हातमोजे, पडण्यापासून जपणारा पट्टा याबाबतही तेच. पुरुषाच्या मापाचा पट्टा बाईच्या अंगावर सैल बसतो आणि सैल पट्टा जीव वाचवत नाही.

शिफ्ट संपली की कॅम्प. तिथली खोली डोंगा या नावाने ओळखली जाते : ट्रकवरून आणून ठेवलेल्या पत्र्याच्या लांबट पेट्या, एकेका पेटीत तीन-चार खोल्या. आत एक पलंग, छोटा फ्रीज, टीव्ही, वातानुकूलन यंत्र आणि बऱ्या कॅम्पात स्वतंत्र न्हाणीघर. भिंती पातळ असतात. शेजारच्याचा गजर इकडे ऐकू येतो. काही कॅम्पांत तीच खोली दर खेपेला मिळते, काहींत दरवेळी नवी, म्हणजे सामान बांधून साठवणीच्या खोलीत टाकायचे. जेवण मुबलक आणि फुकट, व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलावही बऱ्याच ठिकाणी असतो. कंटाळा, एकाकीपणा आणि झोपेचे खोबरे यांचा भार मात्र मोठा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारसाठी २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात फिफो कामगारांपैकी सुमारे एक-तृतीयांश जण तीव्र मानसिक ताणाखाली आढळले. त्यानंतर २०१९ मध्ये राज्याने फिफो कामगारांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र आचारसंहिता काढली.

कॅम्पाचा सर्वांत गंभीर प्रश्न लैंगिक छळाचा आहे आणि तो सौम्य शब्दांत सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑस्ट्रेलियाच्या मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत खाणउद्योगातल्या ७४ टक्के स्त्रियांनी मागील पाच वर्षांत छळ सोसल्याचे सांगितले. २०२१ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधानसभेच्या समितीने फिफोमधील स्त्रियांच्या छळाची चौकशी सुरू केली. जून २०२२ मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालाचे नाव ‘इनफ इज इनफ’. लिबी मेट्टम या समितीच्या अध्यक्षा होत्या आणि अहवालात २४ शिफारशी होत्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत रिओ टिंटो कंपनीने स्वतःच्याच कारभाराची पाहणी प्रसिद्ध केली होती. माजी लिंगभेदविरोधी आयुक्त एलिझाबेथ ब्रॉडरिक यांनी केलेल्या या पाहणीत दहा हजारांहून अधिक कर्मचारी सहभागी झाले. २८ टक्के स्त्रियांनी कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ सोसला होता आणि २१ स्त्रियांनी पाच वर्षांच्या काळात बलात्कार अथवा लैंगिक हल्ला, किंवा तसा प्रयत्न झाल्याचे नोंदवले होते. वंशभेदाच्या तक्रारीही याच पाहणीत मोठ्या प्रमाणात आल्या. बाहेरून आलेल्या स्त्रीने हे ध्यानात ठेवायला हवे.

हे इथेच इतके का घडते, याचे उत्तर समितीपुढच्या साक्षींत सापडते. पहिले कारण जागेचे. शहरातल्या नोकरीत त्रास देणारा माणूस संध्याकाळी आपल्या घरी जातो आणि बाई तिच्या. कॅम्पात दोघे त्याच मेसमध्ये जेवतात, त्याच बसने जातात, आणि तो तिची खोली कोणती हे ओळखतो. दुसरे कारण दारूचे : दिवसभराच्या थकव्यानंतर कॅम्पातला बार हीच मुख्य करमणूक असायची आणि पिण्याला मर्यादा नव्हती. तिसरे कारण सर्वांत खोलवर आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. खाणीत काम करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण खाणकंपनीचे नोकर नसतातच. ते मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचे किंवा उपकंत्राटदाराचे असतात, तेही रोजंदारीवर. त्यांना पुढच्या खेपेला बोलवायचे की नाही हे मुकादमाच्या एका शब्दावर ठरते. कायम नोकरीच्या बदल्यात शरीरसुखाची मागणी झाल्याचे समितीला सांगण्यात आले. अशा मागणीला नकार देणारीचे नाव पुढच्या विमानाच्या यादीत नसते आणि त्याला कोणतेही कारण द्यावे लागत नाही. पदवीधर अभियंता स्त्रीला निदान दाद मागायला मनुष्यबळ विभाग असतो. कॅम्पातल्या खोल्या झाडणारी बाई खाणीच्या आवारात सर्वांत एकटी असते, आणि पाहणी-अहवालांत तिचा आवाज सर्वांत क्षीण आहे.

या अहवालांनंतर बदल झाले. मोठ्या कंपन्यांनी दिवसाला मद्याच्या चार प्रमाणित पेयांची मर्यादा आणली. वाटांवर दिवे आणि कॅमेरे लागले, दारांना चांगली कुलपे आली, मागणी केल्यास रात्री खोलीपर्यंत सोबत मिळू लागली. पूर्वी तक्रार झाली की बहुधा बाईचीच बदली व्हायची. आता ती पद्धत चुकीची आहे हे निदान कागदावर मान्य झाले. रिओ टिंटोच्या २०२४ च्या पाठपुरावा-अहवालात सुधारणा जाणवल्याचे सांगणारे बरेच होते, पण छळ आणि दादागिरी संपलेली नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये बीएचपी आणि रिओ टिंटो यांच्याविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयात स्त्रियांच्या वतीने सामूहिक दावे दाखल झाले.

कायद्याची बाजू आता पूर्वीपेक्षा भक्कम आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा नवा कायदा मार्च २०२२ पासून लागू झाला आणि तो खाणींनाही लागू आहे. छळ आणि दादागिरी हे दरड कोसळण्यासारखेच सुरक्षेचे धोके मानले जातात, त्यामुळे वर्कसेफ या सरकारी यंत्रणेला त्यांची चौकशी करता येते. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय दुरुस्तीने तर मालकावर सकारात्मक जबाबदारी टाकली : तक्रार आल्यावर हालचाल करणे पुरेसे नाही, छळ घडणारच नाही अशी व्यवस्था आधीच करायला हवी. वर्षभराने त्याच्या अंमलबजावणीचे अधिकार मानवाधिकार आयोगाला मिळाले. छळ थांबवण्याचा आदेश फेअर वर्क कमिशन या राष्ट्रीय कामगार-न्यायाधिकरणाकडून मागता येतो, आणि हल्ला झाला असेल तर पोलीस आहेतच. व्हिसा मालकावर अवलंबून असलेल्या स्त्रीला तक्रारीची भीती अधिक वाटते. तिने कंपनीकडे जाण्याआधी कामगार संघटनेचा किंवा मोफत विधी-सल्ला केंद्राचा सल्ला घ्यावा. तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार यांची नोंद स्वतःच्या वहीत, कंपनीच्या संगणकाबाहेर ठेवावी.

गरोदरपण हा फिफोतला अवघड टप्पा आहे. डंपरचे धक्के, उष्णता, डिझेलचा धूर, रात्रपाळी आणि जवळच्या रुग्णालयाचे अंतर यांमुळे पूर्ण नऊ महिने खाणीवर काढणे बहुतेकींना शक्य नसते. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानुसार गरोदर कामगार सुरक्षित कामावर बदली मागू शकते; तसे काम उपलब्ध नसेल तर पालकत्व-रजेस पात्र असलेल्या स्त्रीला पगारी रजा मिळते. ही पात्रता साधारणपणे वर्षभराच्या सलग नोकरीवर ठरते, म्हणजे रोजंदारीवरच्या बाईपुढे पुन्हा कराराचाच प्रश्न येतो.

मूल झाल्यावर परतणाऱ्या जणी थोड्या. आठ-सहाच्या रोस्टरमध्ये आई दर चौदा रात्रींपैकी निम्म्या किंवा थोड्या अधिक रात्री घराबाहेर असते आणि पाळणाघरे बारा तासांच्या शिफ्टच्या हिशेबाने चालत नाहीत. ज्यांचे जमते त्यांच्या घरी नवरा शहरातली ठरावीक वेळेची नोकरी करतो किंवा आजी-आजोबा जवळ राहतात. काही जोडपी उलटसुलट रोस्टर घेतात. मुलांजवळ कायम कोणीतरी असते, पण नवरा-बायकोची गाठ विमानतळावर पडते. बाप आठ दिवस खाणीवर गेला की त्याला कष्टाळू म्हणतात आणि आई गेली की मुलांचे कसे होईल असे विचारतात. ही तफावत ऑस्ट्रेलियातही आहे आणि भारतीय कुटुंबांत ती अधिक बोचरी असते. सुट्टीचे सहा दिवस आई पूर्णवेळ मुलांजवळ असते, नऊ ते सहाच्या नोकरीतल्या आईला हे जमत नाही, ही बाजू सांगणारे कमी.

पैसा हे या कामाचे मोठे आकर्षण आहे. ऑस्ट्रेलियातल्या सर्व उद्योगांत सरासरी वेतन खाणीत सर्वाधिक आहे. अनुभवी डंपरचालक वर्षाला एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर कमावते. कॅम्पातल्या सफाईचे वेतन त्याहून बरेच खाली, तरी शहरातल्या त्याच कामापेक्षा चांगले असते. राहणे-जेवणे फुकट असल्याने बचत झपाट्याने होते. निवृत्तीनिधीत मालकाला वेतनाच्या १२ टक्के रक्कम भरावी लागते. दुर्गम भागात राहणाऱ्यांची करसवलत मात्र जुलै २०१५ पासून फिफो कामगारांना मिळत नाही, कारण त्यांचे घर शहरात धरले जाते. रोजंदारीवरचा तासाचा दर कायम नोकरीपेक्षा जास्त दिसतो, पण त्यात रजा, आजारपणाचा पगार आणि बाळंतपणाचे संरक्षण विकून टाकलेले असते. लोहखनिजाचे भाव कोसळले की आधी याच जागा कमी होतात. पहिल्या वर्षीच्या पगारावर मोठे घर आणि मोठी गाडी कर्जाने घेणारी बाई नंतर वाईट कॅम्प सोडू शकत नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेली बाई सोडू शकते, आणि अशा नोकरीत सोडता येणे हेच संरक्षण असते.

खाणीवर न जाता खाणीत काम करण्याचा मार्गही रुंदावतो आहे. पिल्बारात २००८ पासून चालकाविना डंपर आले आणि २०१० मध्ये रिओ टिंटोने पर्थच्या विमानतळाजवळ आपले नियंत्रण केंद्र उघडले; पुढे इतर कंपन्यांनीही तशी केंद्रे उभारली. तिथे पडद्यांसमोर बसून दीड हजार किलोमीटरवरच्या खाणी, आगगाड्या आणि बंदरे चालवली जातात. शिफ्ट बारा तासांचीच, रात्रपाळीही आहे, पण काम संपल्यावर बाई स्वतःच्या घरी जाते. या जागांसाठी खाणीवरचा अनुभव असलेल्यांना पसंती मिळते. डंपरवर काही वर्षे काढलेली, रेडिओवरची भाषा आणि खाणीचा रस्ता पाठ असलेली स्त्री तिथे योग्य ठरते. मात्र चालकाविना डंपर वाढतील तसतसे नवशिक्या बाईला खाणीत शिरायचे सर्वांत सोपे दार अरुंद होत जाणार आहे, आणि आज या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या स्त्रीने कारागिरीची चार वर्षांची उमेदवारी हा पर्याय डंपरच्या आधी तपासून पाहावा.